‘चार’ म्हणजे नेमकं काय?

एकादशीच्या रात्री जिंतूरच्या एखाद्या देवळात जाऊन बसा आणि भजन सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं कान देऊन ऐका. गायक पेटीवाल्याकडे वळून म्हणतो, “पांढरी चार.” पेटीवाल्याचं बोट आपसूक त्या पट्टीवर जातं आणि भाता हलायला लागतो. पखवाजवाला शाई चाचपता चाचपता विचारतो, “आज किती अभंग?” उत्तर येतं, “चार.” टाळकऱ्यांना सूचना मिळते, “धृपद चार वेळा घ्या.” आणि कुणीतरी आठवण करून देतं, “शेवटी चौपट करायचीय बरं का.”

पाच मिनिटांत चार वेळा ‘चार’. पहिला चार सूर सांगतो, दुसरा मोजणी, तिसरा आवर्तनं आणि चौथा लय. चौघांची जातकुळी वेगळी, तरी देवळातल्या एकालाही “कुठला चार?” असं विचारावं लागत नाही. पेटीवाल्याला सूर हवा असतो म्हणून त्याला सूर ऐकू येतो, टाळकऱ्याला आवर्तनं हवी असतात म्हणून त्याला आवर्तनं ऐकू येतात. ऐकणारा मनात जो प्रश्न घेऊन बसलेला असतो, तोच शब्दाचा अर्थ ठरवतो.

माणसाला हे इतकं सहज जमतं की त्यात नवल काही आहे हे जाणवतही नाही. ते जाणवतं, हेच काम यंत्राला शिकवायची वेळ येते तेव्हा. संगीत लिहिणाऱ्या एका सॉफ्टवेअरनं ते कसं शिकून घेतलंय हे पाहिलं, तेव्हा मी थक्क झालो.

त्या सॉफ्टवेअरचं नाव लिलीपाँड. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी १९९६ साली त्याची सुरुवात केली. जुन्या काळी कुशल कारागीर धातूच्या पत्र्यावर हातानं स्वरलिपी कोरत आणि त्यावरून छापत. त्या पानांचं देखणेपण संगणकाच्या छपाईत आणायचं, ही त्यांची ओढ. लिलीपाँडमध्ये माऊसनं सुरांची चित्रं ओढायची नसतात. साध्या मजकुरासारखं रोमन अक्षरांत संगीत टंकायचं, आणि सॉफ्टवेअर त्यातून पाश्चात्त्य पद्धतीचं पाच रेघांचं सुबक पान तयार करून देतं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे पडत नाहीत, आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

आता आपला चार घेऊन त्याच्याकडे जाऊ. सी या स्वराच्या नावाला चिकटून ४ लिहिला तर तो कालमान होतो, म्हणजे पूर्ण लांबीच्या स्वराचा चौथा हिस्सा. त्याच्यापुढे आडवी रेघ देऊन पुन्हा ४ लिहिला, म्हणजे ‘सी४-४’ असं टंकलं, तर हा दुसरा चार बोटाचा क्रमांक होतो. पियानोवर हा स्वर अनामिकेनं वाजवा, असं सांगणारा छोटा आकडा स्वराशेजारी छापून येतो. ‘मार्क ४’ म्हटलं तर पानावर डी हे अक्षर उमटतं, कारण तालमीच्या खुणांतली ती चौथी खूण. ‘रिपीट व्होल्टा ४’ म्हटलं तर तो भाग चार वेळा वाजवायचा. ‘टेम्पो ४ = १२०’ यातला चार पुन्हा कालमान, पण १२० मात्र निव्वळ मोजणी, मिनिटाला एकशेवीस ठोके. आणि ‘टाइम ४/४’ मध्ये दोन चार मिळून तालाचा साचा सांगतात.

देवळातल्यापेक्षा इथं चारची रूपं जास्त, आणि ऐकणारा तर निर्जीव. मग त्याला कळतं कसं?

काही ठिकाणी जागेवरूनच कळतं. स्वराला चिकटलेला आकडा कालमानच असणार, आडव्या रेघेनंतरचा आकडा बोटाचाच असणार, हे लिलीपाँडच्या व्याकरणात पक्कं केलेलं आहे. खरी गंमत आहे ती त्याच्या फंक्शनांमध्ये. फंक्शन म्हणजे नाव दिलेलं काम. त्याच्या ओंजळीत आपण जे घालतो त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. ओंजळीत काय पडेल ते आधी ठाऊक नसतं: आकडा, शब्द, एखादा सूर, आकड्यांची यादी, कधी अख्खी चाल. म्हणून लिलीपाँड ओंजळीच्या प्रत्येक जागेवर एक राखणदार बसवतं. तो एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच असतं.

हे राखणदार स्कीम नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले असतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी १९७५ साली ती घडवली. हो-नाही एवढंच सांगणाऱ्या फंक्शनच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं, असा या भाषेचा रिवाज आहे. ‘नंबर?’, ‘स्ट्रिंग?’, ‘पेअर?’ अशी ती नावं असतात.

मराठी माणसाला हे चटकन ओळखीचं वाटावं. विधानाचा प्रश्न करायचा तर आपण वाक्य उलटंपालटं करत नाही, शेवटी नुसता ‘का’ लावतो. “पाहुणे आले का?” “चहा झाला का?” तसंच हे: “संख्या का?” “शब्द का?” “सूर का?” “चाल का?” लिलीपाँडचा सगळा सैलपणा आणि सगळी शिस्त या शेवटच्या ‘का’वर उभी आहे.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. दोनच्या जागेत तीन स्वर बसवायचे असले की ‘ट्युप्लेट’ हे फंक्शन वापरतात. त्याच्या ओंजळीत तीन जागा आहेत. पहिलीत ३/२ असं प्रमाण, दुसरीत गट किती लांबीचे पाडायचे ते कालमान, तिसरीत प्रत्यक्ष संगीत. दुसरी जागा ऐच्छिक आहे. समजा आपण लिहिलं, ‘ट्युप्लेट ३/२ ४’ आणि पुढं महिरपी कंसात सूर. दुसऱ्या जागेवरच्या राखणदाराला फक्त कालमान चालतं. समोर आला आकडा ४. लिलीपाँड आधी तो संख्या म्हणून पुढं करतं. राखणदार म्हणतो, संख्या नको. मग तोच चार कालमानाचा वेष घालून पुन्हा येतो. आता राखणदार म्हणतो, हो, या. चार बदललेला नाही. दारातल्या प्रश्नानुसार त्यानं आपली ओळख सांगितली, एवढंच.

आता तो ४ लिहिलाच नाही असं धरू. प्रमाणानंतर थेट सूर आले. राखणदार विचारतो, “कालमान का?” उत्तर: नाही. इथं एखादा तुसडा राखणदार दार आपटून मोकळा झाला असता. लिलीपाँड तसं करत नाही. ती जागा ऐच्छिक आहे हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तिथं ठरलेली गैरहजेरीची किंमत ठेवली जाते आणि सूर पुढच्या दाराशी पाठवले जातात. तिथला राखणदार विचारतो, “संगीत का?” उत्तर: हो. काम सुरू. तिथंही नकार मिळाला असता, तर मात्र तक्रार आली असती.

लग्नाच्या पंगतीत वाढपी ज्या सहजतेनं वागतो तसंच हे. कुणी मठ्ठा नको म्हणालं म्हणून त्याचं ताट अडत नाही, वाढपी पुढचं वाढायला घेतो. पण भात वाढून घ्यायला ताटच नसेल, तर बोलावं लागतं.

आता तालाकडे येऊ, कारण इथं आपल्या घरची वस्तू भेटते. ‘टाइम’ या आज्ञेत तालाच्या आकड्यांआधी एक ऐच्छिक जागा आहे. तिथं आकड्यांची यादी चालते. ती दिली नाही, तर मात्रांचे गट लिलीपाँड आपल्या नोंदींवरून पाडतं. दिली, तर आपलं ऐकतं. ‘टाइम २,३,२,३ १०/८’ असं टंकून पाहा. दहा मात्रा आणि दोन-तीन-दोन-तीनचे विभाग म्हणजे आपला झपताल. कागदावर आठव्या हिश्शाचे स्वर तसेच दोन-तीन-दोन-तीनच्या जुड्यांत बांधून येतात. ‘टाइम ३,२,२ ७/८’ म्हटलं की रूपक. हे दार झपतालासाठी केलेलं नसेलही, पण “यादी का?” एवढाच मोकळा प्रश्न ठेवल्यामुळे आपला ताल त्यातून ताठ मानेनं आत जातो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. शाळेत आपण शिकतो की ६/८ आणि ३/४ सारखेच. गणितात ते खरंच आहे. संगीतात मात्र ६/८ म्हणजे तीन-तीनचे दोन झोके, आणि ३/४ म्हणजे दोन-दोनचे तीन. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीननं चालतात. त्या दोन-दोननं मोजून पाहा, पायच वेगळे पडतील. म्हणून लिलीपाँड तालाचा अपूर्णांक संख्या म्हणून घेतच नाही. वरचा सहा आणि खालचा आठ अशी जोडी म्हणूनच तो सांभाळून ठेवतं, संक्षेप करत नाही. प्रकार ठरवणं हे कारकुनी काम वाटतं, पण इथं त्या एका निर्णयावर तालाचा झोका टिकून राहिला आहे.

एकाच जागी दोन वेगवेगळ्या जातींना प्रवेश देणारे राखणदारही आहेत. ‘हाइड’ म्हणजे लपव, ही आज्ञा घ्या. तिच्या ओंजळीत पानावरच्या एखाद्या प्रकाराचं नाव घातलं, उदाहरणार्थ ‘नोटहेड’, म्हणजे स्वराचा गोल, तर तिथून पुढचे सगळे गोल अदृश्य होतात. नावाऐवजी समोरचा एक सूरच घातला, तर फक्त त्याचाच गोल दिसेनासा होतो. हिचा राखणदार विचारतो, “नाव का, की संगीत?” दोन्ही चालतात, पण कुठलं आलं यावर आत दोन निराळी कामं होतात. “वर्गातली मुलं बसवा” आणि “या मुलाला बसवा” ही वाक्यं आपल्याला एका ‘बसवा’वर भागवता येतात, तसंच.

‘शेप’ ही आज्ञा तर त्याहून नाजूक. सुरांना जोडणारी कमान चार बिंदूंच्या आधारानं वळलेली असते. तिला हलकेच वळण द्यायचं, तर चार बिंदूंसाठी सरकवण्याच्या चार जोड्या द्यायच्या. पण कमान ओळीच्या शेवटी आली तर तिचे दोन तुकडे होतात, एक या ओळीत, एक पुढच्या ओळीत. मग चार जोड्या कुणासाठी? अशा वेळी यादीच्या आत याद्या देता येतात, प्रत्येक तुकड्याला आपली स्वतंत्र. साधी यादी आली की यादीतली यादी, हे फंक्शन स्वतः तपासून घेतं. लिहिणाऱ्यानं साधं असेल तेव्हा साधं लिहावं आणि गुंता असेल तेव्हाच गुंत्याचं लिहावं, असा हा मायेचा हिशेब आहे.

हे सारं वाचताना मला पुन्हा पुन्हा आपल्याच दोन विष्णूंची आठवण येते. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे आणि कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर. एकानं ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत बंदिशी लिहून ठेवल्या. दुसऱ्यानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. दोघांनीही स्वतःची स्वरलेखन पद्धती घडवली. आणि त्या दोन्ही समोरासमोर ठेवल्या की आपला ‘चार’चाच प्रश्न उभा राहतो.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत तेच टिंब, त्याच जागी, म्हणजे मंद्र सप्तक. भातखंड्यांकडे ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकरांकडे डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तार सप्तक. एकाकडे शून्य ही तालातल्या खालीची खूण, दुसऱ्याकडे स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. एकाची सम गुणाकाराच्या खुणेनं दाखवतात, दुसऱ्याची १ या आकड्यानं. कुठल्या पद्धतीचं पान आहे हे न सांगता एखादी वही विद्यार्थ्याच्या हाती दिली, तर तो वरच्या सप्तकात गायचं ते खालच्यात गाईल. चूक त्याची नाही. खुणेला अर्थ देणारा प्रश्नच त्याला कुणी सांगितला नाही.

युरोपातही तेच आहे. लिलीपाँडचे निर्माते डच म्हणून त्यात स्वरांची नावं मुळात डच पद्धतीची. तिथं ‘बी’ म्हणजे शुद्ध बी. पण फाइलच्या सुरुवातीला ‘लँग्वेज डॉइच’ असं लिहून जर्मन नावं निवडली, की तोच ‘बी’ अर्ध्या सुरानं खाली उतरतो, कारण जर्मन लोक शुद्ध स्वराला ‘एच’ म्हणतात. पहिल्या ओळीतला एक शब्द, आणि पुढच्या सगळ्या पानांवरच्या एका अक्षराचा अर्थ पालटतो.

भातखंडे पद्धतीतली एक खूण तर मला फंक्शनच वाटते. स्वर कंसात लिहिला, म्हणजे (प) असं, की तो एका मात्रेत ‘ध प म प’ असा गायचा. आधी वरचा, मग स्वतः, मग खालचा, पुन्हा स्वतः. कंस म्हणजे काम, आतला स्वर म्हणजे आर्ग्युमेंट. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर हे बसलेलं आहे. त्यातही खोच अशी, की भूप रागात मध्यम वर्ज्य, म्हणून तिथं खालचा शेजारी गंधार येणार आणि ते ‘ध प ग प’ होणार. म्हणजे या फंक्शनला आणखी एक न दिसणारं आर्ग्युमेंट आहे, राग. गायक ते मनातून घालतो.

जिंतूरला रात्री घरी बसून मी हा कंस लिलीपाँडमध्ये लिहायला घेतला. ओंजळीत दोन जागा ठेवल्या. पहिली ऐच्छिक: “स्वरांची यादी का?” तिथं रागाचे स्वर द्यायचे. दिले नाहीत तर सात शुद्ध स्वर धरायचे. दुसरी सक्तीची: “संगीत का?” आता लिलीपाँडच्या लेखी एक सूरही संगीतच आणि पूर्ण ओळही संगीतच. म्हणून आत गेल्यावर पुन्हा पाहावं लागलं. एकटा सूर असेल तर त्याचे चार करायचे. ओळ असेल तर तिच्यातल्या प्रत्येक सुरापाशी थांबून तेच करायचं. आणि मध्ये विराम लागला तर त्याला हात लावायचा नाही, कारण शांततेला वरचा शेजारी नसतो, खालचाही नसतो.

मग पट्टीचं फंक्शन केलं. पेटीच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प. त्याच मोजणीनं पांढरी चार म्हणजे एफ आणि काळी चार म्हणजे जी शार्प. संगीत शाळेत शिकलेली मुलगी ‘एफ’ लिहील, भजनातले काका ‘पांढरी चार’ लिहितील. दोघांनाही दार उघडं हवं. म्हणून राखणदाराला सांगितलं, “सूर का, की शब्द?” सूर आला तर तो जसाच्या तसा घ्यायचा. शब्द आला तर बारा पट्ट्यांच्या कोष्टकातून त्याचा सूर काढायचा. आणि शब्द कोष्टकात सापडलाच नाही, कुणी ‘काळी सहा’ लिहिलं, तर अंदाजानं काहीतरी वाजवायचं नाही. स्पष्ट सांगायचं, की सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच असतात.

या शेवटच्या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. कुठलंही आर्ग्युमेंट येऊ द्यावं, काहीतरी करून भागवावं, असा मोह प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नेहमी होतो. पण दाराशी न विचारलेला प्रश्न आत जाऊन कुजतो. चूक तिसऱ्या पानावर चुकीच्या सुराच्या रूपानं उगवते, आणि ती कुठून आली ते शोधता शोधता रात्र सरते. लिलीपाँडचा राखणदार नकार देतो तेव्हा तीन गोष्टी सांगतो: कितवं आर्ग्युमेंट चुकलं, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं. नकार इतका नेमका असला की तो शिकवणीसारखा उपयोगी पडतो. सैलपणा असावा तो देणाऱ्याच्या सोयीसाठी. घेणाऱ्यानं मात्र आपल्याला काय हवं आहे ते पक्कं ठाऊक ठेवावं. आमचे पेटीवाले हेच करतात. त्यांना ‘एफ’ म्हणा, ‘पांढरी चार’ म्हणा, नुसता आ लावून सूर दाखवा, ते धरतात. पण दोन पट्ट्यांच्या मधला बेसूर आ लावलात, तर भाता थांबवून तुमच्याकडे पाहतात.

जिंतूरसारखंच आमच्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड आहे, संत जनाबाईचं गाव. अभंगांचे शब्द गाथांमध्ये छापून झाले. गावोगाव ते ज्या चालींवर गायले जातात त्या चाली मात्र बहुतेक गळ्यातून गळ्यात गेल्या आहेत. गळा गेला की चालही जाते. ती लिहून ठेवायला आज साधनांची अडचण उरलेली नाही. कागद-पेन्सिल चालेल, लिलीपाँडही चालेल. म्हणून वाचकांना एकच विनंती. आपल्या घरातली, आपल्या भजनी मंडळातली एक चाल या महिन्यात लिहून काढा. आणि पहिल्या सुराआधी, वहीच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहा: पद्धती भातखंड्यांची की पलुसकरांची, पट्टी कुठली, ताल कुठला. पन्नास वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला डोक्यावरचं टिंब वरचं की खालचं, हे त्या तीन शब्दांवरूनच कळणार आहे.